गवत मोजायला निघालात? मग या चुका टाळा

जुलै लागला की माझा फोन वाजायला लागतो. कुणी एम.एस्सी.ला असतं, कुणी नव्यानं प्रकल्पावर लागलेलं असतं. सगळ्यांना खरमोर पक्षी बघायचा असतो: पावसाळी गवतातून वर उसळणारा तो काळा-पांढरा नर, डोक्यामागच्या लांब तुऱ्यांसकट. मी म्हणते, खरमोर दिसेल तेव्हा दिसेल, आपण आधी गवत मोजू. मग पलीकडचा आवाज जरा उतरतो.

सैलाना आणि सरदारपूर ही मध्य प्रदेशातली आमची दोन खरमोर अभयारण्यं, दोन्ही १९८३ सालची. सैलान्याचं तर जेमतेम १३ चौरस किलोमीटरचं. इंदूरहून पहाटे निघालं की पोहे रतलामला होतात आणि ऊन चढायच्या आत बीडात पाय पडतो. (बीड म्हणजे माळव्यात राखलेलं कुरण. पुण्याहून आलेल्या पोरांना हे दरवेळी सांगावं लागतं, नाहीतर त्यांच्या डोळ्यांपुढे मराठवाडा येतो.) गवत मुख्यतः पवन्या आणि मारवेल, अधूनमधून कुसळी. मादी याच गवतात जमिनीवर तीन-चार अंडी घालते. २०२१ पासून हा पक्षी अतिसंकटग्रस्तांच्या यादीत आहे, त्यामुळे त्याचं घर दरवर्षी कसं आहे हे कुणीतरी नीट लिहून ठेवायला हवं. नीट म्हणजे गेल्या वर्षीशी ताडून बघता येईल असं. नव्या पोरांचं नेमकं इथेच बिनसतं. त्यांना यंदाचा आकडा हवा असतो. मला पुढच्या वर्षी त्याच जागी, तसंच उभं राहता यायला हवं असतं.

जीपीएस आहे ना, मग खुणा कशाला?

हा प्रश्न मला कुणी विचारला की मी त्याला सळयांची गोष्ट ऐकवते.

पहिल्या वर्षी आम्ही गवत मोजायला पन्नास-पन्नास मीटरच्या बारा रेषा आखल्या. दोन्ही टोकांना लोखंडी सळई, वर भगव्या कापडाची चिंधी. लांबून इतकं छान दिसायचं की आम्ही फोटोही काढले. पुढच्या ऑगस्टला गेलो तर चोवीसपैकी पाच सळया जागेवर. एका गुराख्याला विचारलं तर तो अगदी मोकळेपणानं म्हणाला, "मैडम, वो तो पाड़ी बाँधने के काम आ गई." त्याचं काय चुकलं? माळावर कुणी चांगलं लोखंड फुकट रोवून गेलं तर मीही घेतलं असतं.

आम्ही म्हटलं, असू दे, जीपीएसचे आकडे आहेत. ढगाळ हवेत, कमरेएवढ्या गवतात, हातातलं यंत्र "पोचलात" म्हणालं की आम्ही टेप सोडायचो. यंत्र चार-पाच मीटर इकडेतिकडे होतंच. दोन्ही टोकं वेगवेगळ्या बाजूंना सरकली की अख्खी रेषा फिरते. एका रेषेवर आदल्या वर्षी गवताचं आच्छादन (म्हणजे जमिनीचा किती भाग गवतानं झाकलाय ते) सत्तर टक्क्यांच्या घरात होतं, यंदा चाळीसच्या आसपास आलं. अतिचराईमुळे ऱ्हास, असा परिच्छेद लिहूनही झाला होता. मग रात्री मुक्कामी जुने फोटो चाळताना दिसलं की गेल्या वर्षी विजेच्या मनोऱ्याच्या डावीकडे असलेला पळस यंदा उजवीकडे गेलाय. पळस चालत नाही. चाललो होतो आम्ही, काळ्या मातीवरून बाजूच्या मुरमाड पट्ट्यावर. मुरमावर गवत विरळच असतं, गुरं असोत वा नसोत. तो परिच्छेद छापला गेला असता तर त्या गुराख्यावर उगाच चराईबंदी आली असती.

तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली आहे. सहा इंची खिळा, त्याला रुंद वायसर, ठोकून जमिनीच्या पातळीत. वर काही दिसलं नाही की कुणी नेत नाही. काळ्या मातीत उन्हाळ्यात भेगा पडतात, खिळा तिरका होऊन आत जातो, म्हणून तिथे पाइपचा हातभर तुकडा. मग दोन न हलणाऱ्या गोष्टींपासून (मोठं झाड, हद्दीचा दगड) टेपनं अंतर आणि होकायंत्रानं दिशा. शेवटी रेषेच्या तोंडाशी उभं राहून फोटो, पाटीवर रेषेचा क्रमांक आणि मागे क्षितिज. फोटोत नुसतं गवत असेल तर तो फोटो गवताचा आहे, जागेचा नाही. खिळे मी जिरावणाच्या (पोह्यांवर भुरभुरायच्या इंदुरी मसाल्याच्या) रिकाम्या डब्यात ठेवते. डबा हरवत नाही, वास येतो.

आणि गुराख्याशी बोला. चहा प्या. खुणा कुठे आहेत हे त्यालाच दाखवून ठेवा. पुढच्या वर्षी यंत्राआधी तोच जागा दाखवतो.

गुडघे स्वच्छ असलेली माणसं

आडोसा मोजायचा एक साधा दांडा असतो, रोबेलचा दांडा. १९७० साली अमेरिकेतल्या कॅन्ससमध्ये निघालेली पद्धत. दांडा गवतात उभा धरायचा, चार मीटरवरून, डोळे जमिनीपासून एक मीटरवर ठेवून बघायचं आणि गवतानं तो कुठपर्यंत पूर्ण झाकलाय ते लिहायचं. एक मीटर म्हणजे गुडघा टेकावा लागतो, चिखल असला तरी. पोरं टेकत नाहीत. उभ्यानं बघितलं की नजर वरून गवतात शिरते, दांडा जास्त दिसतो आणि आडोसा आहे त्यापेक्षा कमी लिहिला जातो. संध्याकाळी मी पँटी बघते. ज्याचे गुडघे कोरडे, त्याचा कागद दुसऱ्या दिवशी परत.

उंचीचंही तेच. नवखा माणूस पट्टी लावतो, पातं दोन बोटांत धरतो आणि वर ताणतो. बावन्न सेंटीमीटरचं एकाहत्तर होतं. अहो, ते गवत वाकलेलंच असतं, आणि खरमोराची मादी त्या वाकलेल्या गवताखालीच बसते. हात न लावता, जसं उभं आहे तसं मोजा.

गवतावर चौकट ठेवून तिच्यातल्या आच्छादनाचे टक्के डोळ्यानं ठरवणं हा तर स्वतंत्र तमाशा आहे. सकाळी ताजातवाना माणूस साठ म्हणतो, तीच चौकट दुपारी दोनला पस्तीस होते, कारण भूक लागलेली असते. माझा नियम असा: रोज सकाळी काम सुरू करण्याआधी सगळ्यांनी एकाच चौकटीवर उभं राहायचं, न बोलता आपापल्या कागदावर आकडा लिहायचा, मग कागद उघडायचे. दहापेक्षा जास्त फरक निघाला की दुसरी चौकट. कंटाळवाणं आहे, वीस मिनिटं जातात. ज्यांना ही वीस मिनिटं जड जातात त्यांनी शंभर टोचण्यांची पद्धत वापरावी: टेपवर दर अर्ध्या मीटरला सुई सोडायची आणि तिला काय लागलं ते लिहायचं. डोळा फसतो, सुई कमी फसते.

पंधरा ऑगस्टची सुट्टी

सुट्टी बघून फेरी ठरवू नका. पाऊस कॅलेंडर बघून येत नाही. एका वर्षी जूनमध्येच भिजलेली जमीन आणि दुसऱ्या वर्षी जुलैत भिजलेली, यांचं गवत एकाच तारखेला सारखं कसं असेल? मी पहिल्या चांगल्या, जमीन भिजवणाऱ्या पावसापासून आठवडे मोजते. दुसरी फेरी पवन्या फुलोऱ्यावर आल्यावर, पण कापणीच्या आत. बीडाचं गवत पावसाळा सरताना कापलं जातं, आणि ते कधी कापणार हे चौकीदाराला तुमच्यापेक्षा आधी कळतं. त्याला फोन करा. आम्ही एकदा न विचारता गेलो आणि बारा रेषांवर बारा वेळा खुंट मोजून आलो.

बाकीच्या, ज्यांवर मी आता वाद घालत नाही

शून्य असेल तर शून्य लिहा. रिकामी जागा म्हणजे "नव्हतं" की "बघितलं नाही", हे पाच वर्षांनी कुणालाच कळत नाही.

पेन नको, पेन्सिल. पावसात पेनाची शाई गवतापेक्षा जोरात पसरते.

ओंबी नसलेल्या गवताचा फोटो पाठवून "हे कोणतं?" असं मला विचारू नका. नमुना दाबा, तळाशी ठिकाण आणि तारीख लिहा. "गवत १" नावाच्या जातीला पुढच्या वर्षी ओळखणारं कुणी नसतं.

२३ अंश २८ मिनिटं हे २३.२८ असं लिहिलं की तुम्ही वीस किलोमीटर दक्षिणेला जाता. वर्षातून एकदा तरी कुणीतरी जातंच.

रेषा काटेरी झुडपातून जाते म्हणून सरकवायची नाही. झुडूप वाढतंय का, हेच तर बघायचंय.

कुसळी असलेल्या भागात लोकरी मोजे घालू नका. कुसळं ओलाव्यानं पीळ घेत आत शिरतात. आमच्यातल्या एकीनं रात्रभर चिमट्यानं काढली होती.

वनविभागाचं परवानगीपत्र छापून खिशात ठेवा. मोबाइलमध्ये नको, बीडात रेंज नसते.

आणि चालताना पायाशी मादी उठली, तर जागच्या जागी थांबा, आल्या वाटेनं मागे या. फोटो नाही, अंडी मोजणं नाही, "फक्त एक मिनिट" तर अजिबात नाही. त्या रेषेचा कागद कोरा राहिला तरी चालेल, कारण लिहा. चौकट हातातून पडली असेल तर पडू द्या, पिल्लं निघून गेल्यावर आणता येते. आमची एक पीव्हीसीची चौकट अशी सव्वादोन महिने गवतात पडून होती. नोव्हेंबरात आणली, धुतली, अजून तीच वापरतो.