जुना फ्रिज ‘टक्’ करतोय? आधी लाइट तपासा, या चुका टाळा

मे महिन्यात ग्वाल्हेरचा पारा ४५ च्या घरात गेला की लश्कर भागातल्या जुन्या वाड्यांमध्ये रात्री एक ठरलेला आवाज ऐकू येतो. फ्रिज दहा-बारा सेकंद ‘हूंऽऽ’ करतो, मग ‘टक्’. दोन-चार मिनिटांनी पुन्हा तेच. आमच्या आईचा १६५ लिटरचा एकदारी फ्रिज असाच कण्हायला लागला, तेव्हा मेकॅनिक आला, मागे वाकून बघितलं आणि म्हणाला, “कॉम्प्रेसर गया,” म्हणजे फ्रिजची मोटर गेली. तो बदलला. आठवड्यात पुन्हा ‘टक्’. दोष निघाला भिंतीतल्या सॉकेटमध्ये. स्क्रू ढिला, तार करपलेली, प्लगची एक पिन चहासारखी तपकिरी.

तेव्हा पहिली चूक हीच: लाइट, म्हणजे घरात येणारं व्होल्टेज, न मोजता मशीन उघडायला देणं. महाराज बाड्याच्या बाजारातून एक साधा मल्टिमीटर (व्होल्टेज मोजायचं यंत्र) आणा, तो एसी व्होल्टवर ठेवा आणि शेजारच्या सॉकेटमध्ये दोनदा मोजा, एकदा फ्रिज बंद असताना आणि एकदा तो सुरू होत असताना. आपला पुरवठा २३० व्होल्टचा. मोटर सुरू होताना आकडा क्षणभर खाली जाणारच. पण तो १७०-१८० ला जाऊन तिथेच रेंगाळला, तर मेन बोर्डापाशी इलेक्ट्रिशियनकडून त्याच वेळी मोजून घ्या. तिथे आकडा ठीक आणि सॉकेटला कमी, म्हणजे खोट घरातल्या वायरिंगची. जुन्या घरांत ॲल्युमिनियमच्या तारेला तांब्याची तार नुसती पिळून जोडलेली असते, तो जोड हमखास ढिला पडतो. बोर्डापाशीही कमी असेल, तर दोष बाहेरचा.

इतकं नाजूक का? मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. १८० व्होल्टला तो जेमतेम ६१ टक्के उरतो. कॉम्प्रेसर फिरू शकत नाही, जागच्या जागी भरमसाट करंट ओढतो, तापतो आणि ओव्हरलोड नावाचा त्याचा संरक्षक स्विच त्याची वीज तोडतो. तोच ‘टक्’. गीझर-इस्त्रीला कमी व्होल्टेजने काही होत नाही, २००० वॅटचा गीझर १८० ला साधारण १२०० वॅटचा होतो, पाणी उशिरा तापतं, बस. पंखा मंद फिरतो म्हणूनही लगेच लाइटला दोष देऊ नका. बऱ्याचदा त्याचा कपॅसिटर (पंख्याच्या मोटरला जोर देणारा छोटा भाग) म्हातारा झालेला असतो.

लाइट आली रे आली की फ्रिज चालू करणं, ही दुसरी चूक. आतल्या गॅसचं प्रेशर दोन्ही बाजूंना सारखं व्हायला चार-पाच मिनिटं लागतात, त्याआधी मोटर उठत नाही. शिवाय त्याच क्षणी गल्लीतले सगळे कूलर आणि टुल्लू (पाणी ओढायचे छोटे) पंप एकदम उठलेले असतात. स्टॅबिलायझर घेताना टाइम डिले असलेलाच घ्या, म्हणजे लाइट आल्यावर तो काही मिनिटं थांबून फ्रिज सुरू करतो. आणि ढिल्या सॉकेटवर स्टॅबिलायझर लावून काम भागवू नका. कमी व्होल्टेज वर चढवायला तो सॉकेटमधून आणखी करंट ओढतो, म्हणजे करपलेली तार अजून करपते.

आता सगळ्यात घातक प्रकार. एका संध्याकाळी वरच्या मजल्यावरच्या काकूंनी खाली हाक मारली, “अगं, तुमच्याकडेही बल्ब दिवाळीसारखे लखलखतायत का?” आमच्याकडे उलट, मिणमिणते. हे कमी व्होल्टेज नव्हे, वाड्याचा न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणारी सामाईक तार, तुटला होता. दोन फेजमध्ये, म्हणजे वीज आणणाऱ्या दोन जिवंत तारांमध्ये, ४०० व्होल्ट असतात. न्यूट्रल सुटला की ते घराघरांतल्या लोडप्रमाणे (चालू उपकरणांच्या भाराप्रमाणे) वाटले जातात, जिथे लोड कमी तिथे ३०० च्या वर. काकूंचा जुना टीव्ही पाच मिनिटांत गेला. काही दिवे भडक आणि काही मंद दिसले, किंवा एखादं उपकरण चालू करताच बाकीचे दिवे उजळले, तर विचार करत बसू नका, मेन स्विच पाडा. मेन चालू असताना टेस्टर सॉकेटच्या दोन्ही भोकांत पेटत असेल तरीही न्यूट्रल तुटल्याचाच संशय घ्या.

अशा वेळी कोणीतरी हुशार माणूस अर्थिंगवरून, म्हणजे जमिनीला जोडलेल्या संरक्षक तारेवरून, न्यूट्रल घेऊन ‘तात्पुरतं’ चालू करून देतो. करू देऊ नका. ती अर्थिंग कुठे सुटली, तर फ्रिजचा अख्खा पत्रा जिवंत होतो.

फ्रिजला हात लावल्यावर झिणझिण्या येतात म्हणून पुढ्यात रबरी पायपुसणं टाकणारी घरं मी पाहिली आहेत. तो उपाय नाही. तीन पिनांच्या प्लगची वरची जाड पिन तुटलेली नाही ना, ते बघा. मीठ-कोळशाचा जुना अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडाठाक पडतो, त्यात दर आठवड्याला बादलीभर पाणी ओता. ३० मिलीॲम्पचा आरसीसीबी (गळणारा करंट ओळखून वीज तोडणारा स्विच) सारखा पडत असेल, तर तो काढून टाकू नका. एकेक प्लग काढून बघा, बहुधा जुन्या गीझरचा एलिमेंटच चोर निघतो. एमसीबीचंही (जादा करंट आला की पडणाऱ्या स्विचचंही) तेच. १६ ॲम्पचा पडतो म्हणून ३२ चा बसवला, तर आधी भिंतीतली तार जळेल, एमसीबी मागाहून पडेल.

दोष बाहेरचा असेल, तर वीज तक्रारीच्या १९१२ नंबरवर फोन करताना नुसतं ‘लाइट डिम आहे’ सांगून भागत नाही, तक्रार रांगेत मागे पडते. आकडे सांगा: मेनपाशी किती व्होल्ट, किती वाजता, शेजारच्या फेजवर किती. आम्ही ‘एका घरात १५०, वरच्या मजल्यावर ३००’ एवढंच सांगितलं, तर लाइनमन त्याच रात्री शिडी घेऊन आला.