फ्रीरोलला बसायचंय? आधी बक्षिसांचा तक्ता वाचा

फुकट प्रवेशाच्या पोकर स्पर्धेला, म्हणजे फ्रीरोलला, तयारी कसली करायची, असं पुष्कळांना वाटतं. खिशातून काही जात नाही हे खरं, पण चार-पाच तास जातात. पुढचं सगळं ब्रिटनमधल्या परवाना असलेल्या साइटींना धरून लिहिलंय. भारतात ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि पैशांच्या खेळांवर बंदी आली. तेव्हा सुट्टीला पुण्याला गेलात की तिथून व्हीपीएन लावून बसू नका. साइटीच्या नियमांतही ते बसत नाही, खातं गोठवतात आणि त्यातलं जिंकलेलं जातं.

पहिलं काम: लॉबीत (साइटीवरच्या स्पर्धेच्या पानावर) बक्षिसांचा तक्ता उघडा आणि वाचा. नाव नोंदवायच्या आधी. मागच्या वेळी माझं नेमकं हेच राहिलं आणि हातातलं तिकीट गेलं, म्हणून ही यादी. फ्रीरोल मुख्यतः दोन जातींचे असतात. एकात रोख रक्कम असते आणि ती वरच्या काही जणांकडे झुकलेली असते. खाली बक्षिसात आलेल्यांना चिल्लर मिळते. दुसऱ्यात मोठ्या स्पर्धेची तिकिटं असतात, आणि पहिल्याला जे तिकीट तेच दहाव्याला. खेळ तोच, पत्ते तेच, पण शेवटचा तासभर या दोन स्पर्धा एकमेकींच्या उलट खेळायच्या असतात. तक्ता न वाचता बसलात तर आपण कुठली स्पर्धा खेळतोय हेच तुम्हाला ठाऊक नसतं.

तक्त्याच्या शेजारीच रीबाय आणि अ‍ॅड-ऑनचा (ब्रेकमध्ये पैसे देऊन जादा चिप्स घेण्याचा) नियम असतो, तोही बघा. काही फ्रीरोल फक्त नावाला फुकट असतात: चिप्स संपल्या की पैसे भरून पुन्हा बसा. तसं असेल तर भरणार नाही हे आधीच ठरवा, आणि पैसे भरण्याची मर्यादा खात्यात लावून ठेवा. रात्री बारा वाजता हरल्याच्या तिरमिरीत ठरवलेलं काही टिकत नाही.

खात्याची पडताळणी आदल्या दिवशीच उरका. 2019 पासून इथे वयाची खात्री झाल्याशिवाय फुकटचे खेळसुद्धा खेळू देत नाहीत. चार्जर, वायफाय, पाणी: सांगायला नको.

वेळ मात्र नीट बघा. काही साइटी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याची वेळ दाखवतात. बहुतेक वेळा पाच तासांचा फरक धरला की चालतं, पण ऑक्टोबर संपताना आपली घड्याळं अमेरिकेच्या आधी मागे जातात आणि त्या आठवड्यात फरक चार तासांचा होतो. शिवाय हजारो लोक असले की आठला सुरू झालेली स्पर्धा मध्यरात्र ओलांडते. सकाळी कामावर जायचं असेल तर त्या दिवशी बसूच नका. निकाल झोपेच्या वेळेला लागतो, आणि नेमकं तेव्हाच नीट विचार करून खेळायचं असतं.

आता खेळ. सुरुवातीची वीस-पंचवीस मिनिटं दंगल असते. ज्यांचं काही जात नाही ते पहिल्याच हाताला ऑल-इन करतात, म्हणजे सगळ्या चिप्स लावतात, मागून आणखी तिघं-चौघं उड्या मारतात. इथे ब्लफ करू नका. गणपतीच्या जागरणात तीन पत्ती खेळताना चुलतभाऊ घाबरून पत्ते टाकतो, इथे कोणी टाकत नाही. चांगले पत्ते येईपर्यंत थांबा, आले की मोठा रेज करा, म्हणजे बोली वाढवा. एक्क्यांची जोडी एकासमोर साधारण 85 टक्के वेळा जिंकते, पण पाच जण आत आले की निम्म्याच्या आसपास येते. तरी ते ऑल-इन घ्यायचंच, कारण जिंकलात तर पाच-सहापट चिप्स होतात. एक्का-दहासारख्या पत्त्यांवर मात्र त्या गर्दीत शिरू नका.

एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. नाव नोंदवून न आलेले खेळाडू प्रत्येक टेबलावर असतात. त्यांचं नाव फिकट दिसतं आणि त्यांची पाळी आली की पत्ते आपोआप टाकले जातात, पण ब्लाइंड (डीलरच्या डावीकडच्या दोघांनी पत्त्यांआधीच भरायची सक्तीची रक्कम, एक लहान, एक मोठी) मात्र कापले जातात. असे दोन जण तुमच्या लगेच डावीकडे ब्लाइंडवर असतील आणि तुमच्यापर्यंत सगळ्यांनी फोल्ड केलेलं (पत्ते टाकलेले) असेल, तर कुठल्याही पत्त्यांवर थोडासा रेज करून ते ब्लाइंड उचला. अडवायला कोणी उरलेलंच नसतं. ब्लाइंड 10/20 असताना ही रक्कम किरकोळ वाटते. 300/600 झाले की यावरच तग धरता येतो.

स्टॅक, म्हणजे तुमच्या चिप्सचा ढीग, दहा मोठ्या ब्लाइंडांच्या खाली आला की कॉल करून (समोरच्याइतकंच लावून) फ्लॉप (टेबलावरचे पहिले तीन पत्ते) बघायचे लाड बंद. एक तर ऑल-इन, नाहीतर फोल्ड. आणि ते तुम्ही आधी करायचं, दुसऱ्याच्या ऑल-इनला कॉल करत बसायचं नाही. आपण आधी ऑल-इन केलं तर समोरचा फोल्ड करण्याची शक्यता असते. कॉल केलं तर ती संपते.

आता पुन्हा तक्ता. समजा तिकिटं 10 आहेत, खेळाडू 12 उरलेत, चिप्समध्ये तुम्ही तिसरे, आणि सगळ्यात मोठ्या स्टॅकवाल्याने ऑल-इन केलंय. तुमच्या हातात राजांची जोडी. फोल्ड करा. हो, राजांची जोडी. एक्क्यांची असली तरी फोल्ड. कितीही चांगले पत्ते असले तरी सहा-सात वेळांतून एकदा तरी हराल, आणि हरलात की बाहेर. जिंकून काय मिळणार? दुप्पट चिप्स, ज्यांचा आता उपयोग नाही, कारण दोन तिकिटं कोणी देत नाही. गप्प बसलात तर खालचे दोघं छोटे स्टॅक ब्लाइंडातच संपतील. रोखीच्या स्पर्धेत याच्या उलट: तिथे बक्षिसाच्या उंबरठ्यावर सगळे जपून बसतात, तेव्हाच रेज करत सुटायचं, कारण नुसतं आत येऊन चार पेन्स मिळतात आणि खरी रक्कम पहिल्या तिघांत असते. तक्ता वाचा. ब्रेकमध्ये परत वाचा, किती उरले आणि कितींना मिळतं ते कागदावर लिहून ठेवा.

शून्यातून सुरुवात करणाऱ्यांनी क्रिस फर्ग्युसनचं उदाहरण घ्यावं. 2000 चा हा जगज्जेता 2006 मध्ये एकही पैसा न भरता 10,000 डॉलरपर्यंत पोहोचायचं ठरवून फ्रीरोलपासून सुरू झाला, आणि पोहोचला. मोठ्या स्पर्धेत एकूण रकमेच्या 2 टक्क्यांपेक्षा जास्त लावायचं नाही, असा त्याचा नियम होता. जिंकलेले पाच पाउंड त्याच रात्री पाच पाउंडच्या टेबलावर नेऊ नका.

शेवटच्या टेबलाबद्दल फार सांगत नाही. छोटे स्टॅक बाहेर जाऊ द्या, मोठ्याच्या वाटेला जाऊ नका, घाई नको.

तिकीट मिळालं तर त्याची मुदत आणि त्या स्पर्धेची तारीख लगेच कॅलेंडरवर टाका. बहुतेक तिकिटं रोख करून मिळत नाहीत, मुदत टळली की गेली.