तालुक्याच्या इतिहासाचे प्रदर्शन कसे मांडावे

तालुक्याच्या गावी इतिहास मंडळ चालविणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी प्रदर्शन भरविण्याची हौस येते, आणि ती यावीही. मात्र अशी बहुतेक प्रदर्शने वस्तूंच्या गर्दीतच बुडतात. तलवारी, अडकित्ते, ग्रामोफोन आणि परदेशी टपालतिकिटे एका रांगेत मांडली, की पाहणारा ‘केवढं जुनं!’ म्हणतो आणि चहाच्या टपरीकडे वळतो. म्हणून वस्तू गोळा करण्याआधी विषय आवळून घ्यावा. ‘आपला तालुका, काल आणि आज’ ह्या विषयात काहीही बसते, त्यामुळे काहीच नीट बसत नाही. जुन्नरच्या मंडळाने नाणेघाट हा एकच विषय घेतला, तर सातवाहन राणी नागनिकेच्या लेण्यातील ब्राह्मी लेखापासून कोकणातून बैलांच्या पाठीवर चढणाऱ्या मालापर्यंत आणि जुन्नरच्या प्रसिद्ध हातकागदापर्यंत पुष्कळ गोष्टी एका धाग्यात येतात. गावचा आठवडे बाजार, बलुतेदारी किंवा नदी ओलांडण्याचा उतार हे विषयही असेच पुरेसे लहान आहेत.

काळ दिवाळीनंतरचा निवडावा. पावसाळ्यात दमट हवेने कागदाला बुरशी धरते, आणि १९ ते २५ नोव्हेंबर हा जागतिक वारसा सप्ताह असल्यामुळे शाळांनाही निमित्त मिळते. जागा वाचनालयाची किंवा शाळेची चालेल. छत गळके नसावे आणि रात्री कुलूप लागावे, एवढे पाहिले म्हणजे झाले.

खरे काम लोकांच्या घरी असते. इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे जुन्या दफ्तरांसाठी गावोगाव हिंडले, १९१० मध्ये त्यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले, आणि त्यांच्या मागे धुळ्याच्या संशोधन मंडळाने त्यांचा संग्रह जपला. ह्या सगळ्याच्या मुळाशी कोणीतरी आपले बासन विश्वासाने सोडून दाखविले ही गोष्ट आहे. तो विश्वास पावतीने टिकतो. वस्तू घेतानाच दोन प्रतींत पावती करावी आणि तिच्यात वस्तूचे वर्णन, लांबी-रुंदी, आधीपासून असलेले दोष (‘डावा कोपरा कसरीने खाल्लेला, मध्ये चिकटपट्टी’), परत करण्याची तारीख आणि पाटीवर घराण्याचे नाव घालावे की नाही, हे सारे लिहावे. वस्तूचा फोटो मालकासमोरच काढावा. घरातील वडीलधाऱ्यांना ‘काका, ही तुमच्याकडे कशी आली?’ असे विचारून ते सांगतील ते त्यांच्याच शब्दांत टिपून घ्यावे, कारण पुढे पाटी लिहिताना ह्याच टिपणाचा आधार असतो. आणखी एक विनंती हात जोडून करावी, ती म्हणजे वस्तू घासूनपुसून आणू नका. आमच्या पहिल्या प्रदर्शनाला एका माउलीने शिवराया, म्हणजे तांब्याची जुनी शिवराई नाणी, चिंच लावून लख्ख करून आणल्या. नाणी सोन्यासारखी चमकत होती, पण अक्षरे मात्र बोटाला लागेनाशी झाली होती. चूक आमची होती, आम्ही आधी सांगितले नव्हते.

काही वस्तू आणूच नयेत. वीरगळ (लढाईत पडलेल्या वीराचा स्मारकदगड), सतीशिळा आणि गधेगाळ (दान मोडणाऱ्याला शाप देणारा कोरीव दगड) जागेवरून हलविले की त्यांचा अर्धा अर्थ जातो. त्यांचे फोटो लावावेत आणि तिथे कसे पोहोचायचे ते नकाशावर दाखवावे. शेतात नांगराला लागलेली नाणी कोणी घेऊन आला, तर ती मांडण्याची घाई करू नये, कारण १८७८ पासूनच्या गुप्तधनाच्या कायद्याप्रमाणे अशा ठेव्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. शंभर वर्षांहून जुन्या दगडी व धातूच्या मूर्ती स्वीकारण्यापूर्वी १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखालील त्यांची नोंदणी पाहावी.

मोडी कागद हाती आला की मंडळींची पहिली धडपड तारखेसाठी होते, आणि नेमकी तिथेच चूक होते. शके असेल तर इसवी सनासाठी ७८ मिळवावेत. पौष, माघ, फाल्गुन ह्या महिन्यांत कधी कधी ७९ मिळवावे लागतात. पेशवाईतील पत्रांत मात्र बहुधा शुहूर सन (त्या काळी कारभारात चालणारी एक कालगणना) अरबी शब्दांत असतो. ‘खमस सितैन मया व अलफ’ असे दिसले, तर खमस म्हणजे पाच, सितैन म्हणजे साठ, मया म्हणजे शंभर आणि अलफ म्हणजे हजार, अर्थात सन ११६५. त्यात ५९९ मिळविले की १७६४ येते. परंतु शुहूर वर्ष मृग नक्षत्राला, म्हणजे मे-जूनच्या सुमारास सुरू होते. तेव्हा पत्र जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतचे असेल तर इसवी सन १७६५ धरावे, आणि महिना लागत नसेल तर सरळ ‘१७६४-६५’ असे लिहावे. वाचन दुसऱ्या जाणकाराकडून तपासून घेतल्याशिवाय छापायला देऊ नये.

पाटी लिहिणे हे प्रदर्शनातील सर्वांत अवघड काम आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘शिवकालीन नाणे’ ही पाटी मी अनेक ठिकाणी पाहिली आहे. एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ अशी अक्षरे असलेली तांब्याची शिवराई महाराजांनी सुरू केली हे खरे, पण त्याच नावाची नाणी पुढे एकोणिसाव्या शतकापर्यंत पाडली जात होती. घरोघरी सापडतात त्यांतली बरीचशी नंतरचीच असतात. तेव्हा पाटी अशी असावी: ‘शिवराई. तांबे. १७ वे ते १९ वे शतक. देव्हाऱ्यातील पूजेतले नाणे. लक्ष्मीपूजनाला अजून बाहेर काढतात, असे घरच्यांनी सांगितले.’ हीच शिस्त नाणेघाटातील दगडी रांजणालाही लावावी. तो जकातीचा रांजण असल्याचे परंपरा सांगते. पाटीवर ‘परंपरेने मानतात’ हे दोन शब्द यायलाच हवेत. पाटीत चाळीस-पन्नास शब्दांहून अधिक मजकूर नसावा आणि अक्षर उभ्या माणसाला दोन हातांवरून वाचता येईल एवढे असावे.

मूळ कागद शक्यतो मांडू नयेत. स्कॅन करून काढलेली रंगीत प्रत लावावी, शेजारी देवनागरी लिप्यंतर ठेवावे, आणि मूळ पत्र सुती कापडाच्या बासनात परत जावे. एखादे मूळ पत्र ठेवायचेच झाले, तर काचेखाली, आडवे, उन्हापासून दूर आणि ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजण्याचे माप) आत उजेडात ठेवावे. एवढा उजेड सुरुवातीला फारच मंद वाटतो, पण थोड्या वेळाने डोळे सरावतात. जुनी शाई काजळ आणि डिंकाची असल्यामुळे ओल लागताच ती फुटते, म्हणून ओले फडके आणि पाण्याच्या बाटल्या टेबलापासून लांब असाव्यात. लॅमिनेशन, चिकटपट्टी आणि टाचणी ह्यांना पूर्ण मज्जाव असावा.

उद्घाटनाची भाषणे जेवढी थोडी तेवढी बरी. दोन शिकवलेली मुले प्रत्येक टेबलापाशी असावीत आणि एक वही बाहेर पडण्याच्या दाराशी असावी. ‘प्रदर्शन छान’ हा शेरा निरुपयोगी असल्याने वहीत वेगळाच रकाना आखावा: ‘तुमच्या घरी ह्या विषयाचे काय आहे?’ आमच्याकडे पुढच्या वर्षीचा विषय ह्याच रकान्यातून निघाला.

प्रदर्शन रविवारी संपले, तर वस्तू बुधवारपर्यंत घरपोच कराव्यात. पावतीवरील दोष आणि फोटो मालकासमोर पुन्हा ताडून पाहावेत, दोन्ही प्रतींवर सह्या घ्याव्यात, आणि बासनाबरोबर त्यांच्या पत्राचे लिप्यंतर स्वच्छ टंकून द्यावे. कित्येक घरांत आपल्याच पूर्वजांनी काय लिहिले आहे हे त्या दिवशी पहिल्यांदा वाचले जाते.