दुय्यम पात्रांतली प्रतीकं वाचताना या चुका टाळा

व्हिडिओ गेमच्या विश्लेषणात एक वाक्य हमखास भेटतं: "हे पात्र म्हणजे नायकाच्या अपराधी मनाचं प्रतीक." तिथेच पूर्णविराम. ते पात्र कधी येतं, काय मागतं, खेळाडूच्या हातून काय करवून घेतं, याबद्दल एक अक्षर नाही. मीही असे लेख लिहिले आहेत. लिहून झाल्यावर काहीतरी हातातून निसटल्यासारखं वाटायचं, पण काय निसटलं ते कळायचं नाही. आता कळतं. "अमुक म्हणजे तमुक" असं एकदा ठरवून टाकलं की त्या पात्राकडे पुन्हा बघायची गरजच उरत नाही. आणि दुय्यम पात्राचा अर्थ तर खेळाडूशी होणाऱ्या त्याच्या व्यवहारातच दडलेला असतो.

पुढे काही गेमची कथानकं उघड केली आहेत. 'सायलेंट हिल २' खेळायचा राहिला असेल, तर आधी तो खेळा आणि मग इकडे या.

पेहरावावरून निकाल देऊ नका

'डार्क सोल्स' (२०११) मधला सीगमायर आठवा. कांद्यासारखं गोल चिलखत, गडगडाटी हसणं, आणि बंद दरवाजासमोर बसून "हं... हं..." करत विचार करण्याची सवय. बहुतेकांनी त्याला विनोदी पात्र समजून सोडून दिलं. काहींनी चिलखताच्या आकाराचा अर्थ लावायचा प्रयत्न केला: पापुद्रे, थर, आतलं माणूसपण. ऐकायला छान वाटतं, पण हा बादरायण संबंध आहे.

त्यापेक्षा त्याच्याशी होणाऱ्या भेटी ओळीने मांडून बघा. तो कुठेतरी अडकलेला असतो, तुम्ही वाट मोकळी करून देता. पुढच्या ठिकाणी पुन्हा तेच. तो आभार मानतो, काहीतरी भेट देतो, पण प्रत्येक वेळी त्याच्या बोलण्यातला संकोच वाढत जातो. हा माणूस साहसाच्या शोधात घराबाहेर पडला आहे आणि त्याचं प्रत्येक साहस तुम्ही त्याच्या आधीच उरकून टाकत आहात. शेवटी उपकार फेडायचे म्हणून तो राक्षसांनी भरलेल्या खड्ड्यात उडी मारतो. तिथेही तुम्ही त्याला वाचवलंत, तर पुढे ॲश लेकच्या काठी त्याची मुलगी सीग्लिंडे भेटते. बाप भान हरपून पोकळ झाला म्हणून तिनेच त्याला संपवलेलं असतं.

ज्या जगात जगण्याचं कारण हरवलेला माणूस पोकळ होतो, तिथे तुमच्या मदतीनेच त्याचं कारण हिरावून घेतलं. हा अर्थ चिलखतात कुठेच नाही. चार-पाच भेटींच्या क्रमात आहे, आणि त्यात तुमचा हात आहे. सगळ्या भेटी घेतल्याशिवाय तो दिसत नाही. म्हणून साइड क्वेस्ट, म्हणजे मुख्य कथेबाहेरची उपकथा, अर्धवट सोडून पात्रावर लेख लिहू नका.

सगळी पात्रं नायकाच्या मनात कोंबू नका

ही चूक सगळ्यात जास्त होते. 'सायलेंट हिल २' (२००१) वर लिहिताना तर फारच. जेम्स संडरलँडला तीन वर्षांपूर्वी वारलेल्या बायकोचं, मेरीचं, पत्र येतं आणि तो धुक्यात बुडालेल्या त्या गावात पोहोचतो. तिथले राक्षस त्याच्या मनातून आलेले आहेत, हे खरं. मग लेखक घाई करतो आणि तिथे भेटणारी माणसंही जेम्सच्याच मनाचे तुकडे ठरवून मोकळा होतो: अँजेला म्हणजे त्याचं दुःख, एडी म्हणजे त्याची हिंसा, लॉरा म्हणजे निरागसता.

हॉटेलमधल्या जिन्याचा प्रसंग नीट बघा. पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंनी भिंती पेटलेल्या आहेत. अँजेला वर उभी आहे. लहानपणापासून घरातच अत्याचार सोसलेली ही मुलगी. जेम्स म्हणतो की इथे फार तापलंय. ती विचारते, तुलाही हे दिसतं? तिच्यासाठी हे कायमच असं असतं. मग ती वळून ज्वाळांमध्ये चालत जाते आणि जेम्स बघत राहतो.

त्या एका क्षणात गेम सांगतो की अँजेलाचं गाव वेगळं आहे. आजवर जेम्स स्वतःच्या नरकात फिरत होता, आता थोडा वेळ दुसऱ्याच्या नरकाच्या दारात उभा राहिला. अँजेलाला जेम्सचं दुःख म्हटलं की हा प्रसंग निम्मा होतो. तिचं दुःख तिचंच ठेवलं, तर मात्र प्रश्न उभा राहतो: दुसऱ्याची आग समोर दिसत असूनही जेम्सला काहीच का करता येत नाही?

लॉराचं तर याहून पुढचं आहे. तिला गावात राक्षस दिसतच नाहीत. जेम्स विचारतो की तुला साधा ओरखडाही कसा नाही, तेव्हा तिला प्रश्नच समजत नाही. त्याआधी एका इमारतीत गजांपलीकडे पडलेली किल्ली घ्यायला जेम्स हात घालतो, तर ही पोरगी किल्लीला लाथ मारते आणि त्याच्या हातावर पाय देते. निरागसतेचं प्रतीक म्हणून आणलेलं मूल असं वागत नाही. लॉरा खट्याळ आहे, चिडकी आहे, आणि मेरीवर तिचा खरा जीव आहे. मेरीने तिच्या आठव्या वाढदिवसासाठी लिहिलेलं पत्र ती दाखवते, आणि आठवं तर मागच्याच आठवड्यात लागलं असं सांगते. बस्स. तीन वर्षांपूर्वी मेरी गेली, हे जेम्सने स्वतःला सांगितलेलं खोटं तिथे तुटतं. लॉरा जेम्सच्या मनातली असती, तर हे खोटं तिने तोडलं नसतं. तिचा सगळा अर्थ ती बाहेरची असण्यात आहे.

फक्त कटसीन बघून लिहू नका

कटसीन, म्हणजे खेळाडूने काही न करता आपोआप चालणारे प्रसंग, यूट्यूबवर सलग बघता येतात, म्हणून ही चूक हल्ली वाढली आहे. पण गेम नियमांतूनही बोलतो.

हुबेहूब मेरीसारखी दिसणारी मारिया जेम्सबरोबर चालू लागते. हॉस्पिटलच्या तळघरात पिरॅमिड हेड नावाचा राक्षस मागे लागतो. तुम्ही धावत लिफ्टमध्ये शिरता, दार मिटू लागतं, फटीतून मारियाचा हात आत येतो आणि ती तिथेच मारली जाते. तुम्ही कितीही चपळ असा, तिला वाचवता येत नाही. पुढे ती जिवंत भेटते आणि पुन्हा मरते. बायकोचं मरण जेम्सला पुन्हा पुन्हा बघायला लागतं, आणि कंट्रोलर तुमच्या हातात असल्याने ती हतबलता तुमच्याही वाट्याला येते.

दुसरीकडे गेम गुपचूप हिशेब ठेवत असतो. मारियाजवळ किती राहिलात, तिची किती काळजी घेतलीत, मेरीचा फोटो आणि पत्र उघडून बघितलंत का, जखमी अवस्थेत किती वेळ फिरलात, अँजेलाने दिलेला सुरा सामानातून काढून न्याहाळलात का. शेवट कोणता येणार ते यावरून ठरतं. सुरा न्याहाळणं जेम्सला आत्मनाशाच्या शेवटाकडे ढकलतं. अँजेलाने स्वतःवर चालवू नये म्हणून सोपवलेली ती वस्तू आता जेम्सची झाली. हे कोणत्याच संवादात नाही.

'अंडरटेल' (२०१५) मधली टोरिएलही अशीच. ती खेळाडूला घरी नेऊन सांभाळते, म्हणून तिला 'आई' म्हणून सोडून देणं सोपं आहे. पण तिच्याशी लढताना तिला न मारता सोडून द्यायचा पर्याय पुन्हा पुन्हा वापरावा लागतो आणि बराच वेळ काही बदललेलं दिसत नाही. कित्येक खेळाडू वैतागून "थोडी दुबळी करू" म्हणून वार करत जातात आणि एक फटका अचानक तिचा जीव घेतो. मग जुनी सेव्ह उघडून तिला वाचवलं, तरी फ्लावी हे बोलणारं फूल नंतर टोमणा मारतं, कारण त्याला सगळं आठवतं. आईची माया आणि आपला उतावळेपणा, दोन्ही त्या एका लढाईत आहेत.

दोन छोट्या चुका

नावाच्या व्युत्पत्तीवर इमारत उभारू नका. 'फायनल फँटसी ७' च्या १९९७ च्या इंग्रजी आवृत्तीत एका पात्राचं नाव 'एरिस' होतं, नंतर ते 'एरिथ' झालं. भाषांतरात एक अक्षर बदललं की असा पाया कोसळतो. नाव पुरावा म्हणून शेवटी जोडा, सुरुवात त्याच्यावरून करू नका.

आणि प्रतीक त्याच्या मातीतून उपटू नका. पिरॅमिड हेड जेम्सला शिक्षा हवी आहे म्हणून आहे. जेम्सला हे उमगतं, तेव्हा शेवटी समोर आलेले दोन्ही पिरॅमिड हेड स्वतःच स्वतःला संपवतात. २००८ च्या 'सायलेंट हिल: होमकमिंग' मध्ये जेम्सशिवाय तोच आकार परत आला आणि उरला तो फक्त मोठा सुरा घेतलेला भीतिदायक गडी.

वाचन अडलं तर

मी आता दोन गोष्टी करतो. पात्र कथेतून काढून टाकलं तर नायकाला काय कळणारच नाही, ते एका ओळीत लिहितो. लॉरा काढली तर खोटं तुटत नाही, ही झाली ती ओळ. ओळ सुचली नाही, तर बहुधा आपण पात्रावर आपलं मत लादत असतो.

दुसरं म्हणजे, माझ्या मतात न बसणारा प्रसंग शोधतो आणि तिथूनच लिहायला बसतो. 'डिस्को इलिसियम' (२०१९) मधल्या किम कित्सुरागीला मी बरेच दिवस 'सदसद्विवेकबुद्धी' म्हणत होतो. नायक पिऊन पिऊन स्वतःचं नावसुद्धा विसरलेला डिटेक्टिव्ह, आणि शेजारी हा वहीत नेटकं टिपणारा, दिवसाला एकच सिगारेट ओढणारा लेफ्टनंट. समीकरण अगदी चोख बसत होतं. मग चर्चमध्ये काही पोरं नाचगाण्याची जागा उभी करतात तो भाग खेळलो. तुम्ही गोष्ट तिथवर नेलीत, तर संगीत सुरू होतं आणि किमही नाचायला उतरतो. सदसद्विवेकबुद्धी नाचत नाही. एक सिगारेट स्वतःला मोजून देणारा माणूस नाचतो, कारण आवर घालण्यासारखं त्याच्याही आत काहीतरी आहे. माझं जुनं टिपण मी खोडलं आणि त्या रात्री फक्त त्या नाचावर दोन पानं लिहिली.