घोड्याला भाजीचा खाऊ: काय द्यावे, कसे कापावे, किती द्यावे

गोव्याच्या शिगम्यातील घोडेमोडणी नृत्याचा लाकडी घोडा चारापाणी मागत नाही. खराखुरा घोडा दारी बांधणाऱ्यास मात्र म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात भाजी निवडताना घोड्याला आवडते काय आणि सोसते काय, हे दोन्ही पाहावे लागते.

आधी आवडीविषयी. घोडा नवा पदार्थ प्रथम हुंगतो, मग ओठांनी चाचपतो आणि पटला तरच दातांखाली घेतो. गोडाकडे त्याचा ओढा असतो, तर कडू सहसा तो टाकतो. ब्रिटनमधील एका अभ्यासात (२००५) तबेल्यातील घोड्यांना खुराकातून पंधरा स्वाद चाखवले, तेव्हा पहिली पसंती मेथीला आणि दुसरी केळ्याला मिळाली. जिरे पाचवे आले, आणि घोड्याच्या नावाशी कायमचे जोडले गेलेले गाजर त्याच्याही मागे सहावे राहिले. औषधाची पूड चंदीत (घोड्याच्या दाण्यात) मिसळताना चिमूटभर मेथीपूड घालावी, ही युक्ती यातूनच सुचते. अर्थात प्रत्येक घोड्याची जीभ वेगळी असते; त्यामुळे नवी भाजी एका वेळी एकच, तीही तुकडाभर द्यावी आणि दोन-तीन दिवस लीद व भूक पाहून मगच प्रमाण वाढवावे.

गाजर, काकडी, पावसाळ्यातले तवसे (मोठी काकडी), लाल भोपळा आणि बीट हे सामान्यतः निर्धोक होत. बीट दिल्यावर लघवी लालसर दिसली, तर लगेच घाबरून जाऊ नये. पर्रा गावच्या कलिंगडाच्या साली तर बहुतेक घोडे मिटक्या मारीत खातात; कीटकनाशकाचा अंश राहू नये म्हणून त्या आधी स्वच्छ धुवाव्यात. केळे सालीसकट दिले तरी चालते.

कापण्याकडे मात्र अनेकांचे दुर्लक्ष होते. गाजराच्या गोल चकत्या किंवा जाड तुकडे अन्ननलिकेत अडकू शकतात. म्हणून ते उभे चिरून बोटाएवढ्या लांब, पातळ फोडी कराव्यात. घोड्याला स्वतःच्या तोंडाखालचे दिसत नाही. त्यामुळे फोड चिमटीत न धरता सपाट तळहातावर, अंगठा जुळवून पुढे करावी. हाताला चावण्याची सवय लागलेल्या घोड्यास खाऊ घमेल्यातच द्यावा, हे उत्तम.

कांदा कोणत्याही रूपात देऊ नये, कारण त्याने तांबड्या रक्तपेशी फुटून रक्तक्षय होतो. बटाटा, वांगे, टोमॅटोचा पाला, ॲव्होकॅडो आणि चॉकलेटही वर्ज्य मानावीत. कोबी आणि फुलकोबी यांनी पोटात वायू धरतो. आपल्याकडे घरोघरी शिजणारी तांबडी भाजी (लाल माठ) पौष्टिक म्हणून घोड्यापुढे टाकण्याचा मोह होतो, पण तिच्यातील ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवते. तिच्या जुड्या देऊ नयेत. घोड्याला ओकारी येत नाही, म्हणून पोटात गेलेले विषारी अन्न बाहेर टाकण्याचा मार्ग त्याला नाही, हे घोड्याची निगा राखणाऱ्या मोतद्दारालाही समजावून सांगावे.

प्रमाण थोडेच असावे. सुमारे ४०० किलो वजनाच्या घोड्याला दिवसाला सहा ते आठ किलो सुकी वैरण लागते. दोन-तीन गाजरे त्याच्या पोटाला नव्हे, जिभेला असतात. लठ्ठ घोड्यास, किंवा ज्याच्या खुरांना पूर्वी दाह झाला आहे त्यास, गाजर आणि केळे यांतील साखरही घातक ठरू शकते. त्याला काकडीची फोड पुरे. पावसाळ्यात बुरशी लवकर धरते, तेव्हा चिरलेला खाऊ सकाळचा संध्याकाळी देऊ नये.

खाताना घोडा मान ताणून खोकू लागला आणि नाकपुड्यांतून लाळ व चारा येऊ लागला, तर घास अडकला आहे असे समजावे: पुढ्यातील चारा आणि पाणी दोन्ही ताबडतोब काढून घ्यावे, घशात हात किंवा नळी घालू नये आणि पशुवैद्यकास बोलवावे.