दर्या लहान करून ठेवा: पहिल्या फेरीआधीची तयारी

नारळी पौर्णिमेला नारळ सोडला की तो किती लाटांपर्यंत दिसतो, ते यंदा मोजून बघा. आपण जेटीवर उभे, लख्ख उजेड, नारळ कुठे सोडला तेही ठाऊक, तरी आठ-दहा लाटांत नजर चुकते. पाण्यात पडलेल्या खलाशाचं डोकं तटरक्षक दलाच्या डॉर्निअर विमानातून याहून मोठं दिसत नाही, आणि तिथे कोपराकोपराला पांढरा फेस असतो. म्हणून पावसाळ्यासाठी शाकारून (झाकून) ठेवलेली होडी मासेमारीला उघडायच्या आधी, संकटात पडलो तर लवकर सापडावं यासाठी ही तयारी करायची. डिझेल, बर्फ, जाळी यांचं कुणाला सांगावं लागत नाही, ते इथे लिहीत नाही.

आधी एक हिशेब. होडी हरवल्याची खबर आली की मुंबईच्या सागरी शोध व बचाव समन्वय केंद्रात पहिला प्रश्न असतो: शेवटचं ठिकाण कुठलं, किती वाजता? समजा मशीन बंद पडलं आणि होडी तासाला एक सागरी मैल वाहतेय, पण कुठल्या दिशेला ते माहीत नाही. सहा तासांत शोधायचं वर्तुळ साधारण ३९० चौरस किलोमीटर होतं. बारा तासांत १,५५० च्या आसपास, म्हणजे मुंबई शहर आणि उपनगरं मिळून अडीचपट. वेळ दुप्पट, दर्या चौपट. ठिकाण पक्कं असेल तर त्याच्याभोवती वाढत्या चौकोनात शोध घेतात. नसेल तर शेत नांगरावं तशा समांतर रेघा मारत बसावं लागतं.

म्हणून यादीतली पहिली वस्तू कागद आहे, आणि तो किनाऱ्यावर राहतो. निघताना बंदरावरचं मासेमारीचं टोकन घेतलंत म्हणजे काम झालं असं समजू नका. होडीचा नोंदणी क्रमांक, रंग, लांबी, फायबर की लाकडी, कोण कोण गेलंय, किती वाव (वाव म्हणजे साधारण सहा फूट खोली) पाण्यात जायचा बेत, परत यायची वेळ, आणि त्या वेळेनंतर किती तास वाट बघून फोन करायचा, हे सगळं घरच्या बाईमाणसाजवळ आणि मच्छीमार सोसायटीत लिहून ठेवा. शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. ‘येतील, मासळी लागली असेल’ म्हणत रात्र काढली जाते आणि चौपट होतं ते तिथेच. तटरक्षक दलाचा शोध-बचावाचा क्रमांक १५५४, सागरी पोलिसांचा १०९३. भिंतीवर खडूने लिहा, फोनमधला नंबर ऐनवेळी सापडत नाही. ऐन मोसमात खलाशी बदलतात, तेव्हा कागदही बदला. नाहीतर सहा माणसं वाचवून सातव्याचा शोध चालू राहतो आणि तो गावात लग्नाला गेलेला असतो.

होडीतला रंग-डागडुजीचा हात फिरतोच आहे तर केबिनच्या टपावरही नंबर मोठ्या अक्षरात घाला. विमान वरून येतं, बाजूने नाही.

आता डॅट. इस्रोने बनवलेलं हे संकट-संदेशाचं यंत्र २०१० पासून वापरात आहे. त्याचा संदेश उपग्रहामार्फत आधी भारतीय मिशन नियंत्रण केंद्रात जातो आणि तिथून होडीची ओळख आणि ठिकाण तटरक्षक दलाच्या केंद्राकडे. नव्या पिढीच्या यंत्रात संदेश पोहोचल्याची पोचही होडीवर येते, आणि अंधारात हेलकावे खाणाऱ्या माणसाला त्या पोचेचं मोल काय असतं ते वेगळं सांगायला नको. पण यंत्र कपाटात कुलूपबंद असेल तर त्याचा काय उपयोग? वरून आकाश दिसेल अशी जागा, चार्जिंग पूर्ण, आणि एकट्या तांडेलाला (होडीच्या म्होरक्याला) नव्हे तर स्वयंपाक करणाऱ्या पोरालाही ते चालवता आलं पाहिजे. होडी विकली किंवा घेतली असेल तर नोंदणीतलं नाव आणि फोन बदलून घ्या. मोठ्या बोटीवर ४०६ मेगाहर्ट्झचा ईपर्ब (हाही उपग्रहाला संकट-संदेश पाठवतो) असेल तर त्याची बॅटरीची तारीख वाचा.

व्हीएचएफ रेडिओवर संकटाच्या हाकेसाठीचा चॅनल १६ मोकळा ठेवा. भाव काय चाललाय, जाळं कुठे टाकलंस, या गप्पा तिथे ऐकून कान किटतात. त्याच वेळी कुणी ‘मेडे’, म्हणजे ‘वाचवा’, म्हणत असेल तर तो आवाज दबतो. मेडे तीनदा, होडीचं नाव तीनदा, मग ठिकाण, काय झालं, माणसं किती. ठिकाण वाचण्याचा सराव जेटीवरच करा. जीपीएसवर १७.५० अंश दिसतंय आणि तुम्ही ‘सतरा अंश पन्नास मिनिटं’ म्हणालात तर वीस सागरी मैलांची चूक झाली, कारण अर्धा अंश म्हणजे तीस मिनिटं. पडद्यावर अंश-मिनिटं दिसतील अशी मांडणी एकदाच करून घ्या. जाळं पाण्यात आहे का, नांगर टाकलाय का, हेही सांगा. रिकामी होडी वारा ढकलतो, पोहणाऱ्या माणसाला पाण्याची ओढ नेते. हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्र-माहिती केंद्राचं ‘सरत’ हे शोधाचं साधन हरवलेल्या वस्तूचा प्रकार विचारतं ते यासाठीच. मशीन बंद पडलं तर दोराला क्रेट किंवा जाळं बांधून नाळेवरून (होडीच्या पुढच्या टोकावरून) सोडा. नाळ वाऱ्याकडे राहते, होडी आडवी होत नाही आणि वाहणंही कमी होतं.

लाइफजॅकेट उशाला घेण्यासाठी नसतं, हे दरवर्षी सांगावं लागतं. १७ मे २०२१ ला तौक्ते वादळात मुंबईच्या समुद्रात पी-३०५ बार्ज बुडाली तेव्हा तिच्यावर २६१ माणसं होती. नौदलाने १८० च्या वर माणसं जिवंत काढली, कित्येकांना तासन्‌तास लाटांत तरंगल्यावर. प्रत्येक जॅकेटला शिट्टी दोरीने बांधा आणि चमकणारी पट्टी शिवून घ्या, सर्चलाइट तिच्यावरच उजळतो. होडी उलटली तरी बुडत नसेल तोवर तिला सोडू नका. होडी वरून दिसते, डोकं दिसत नाही. संकटाच्या खुणेची लाल हातबत्ती (हातात धरून पेटवायची) जेमतेम एक मिनिट जळते, नारिंगी धूर तीन मिनिटं. विमानाचा आवाज आल्यावरच पेटवा, घाबरून आधी नको. मुदत संपलेल्या बत्त्या काढून टाका.

हेलिकॉप्टर येणार कळलं तर ताडपत्री, बोये, रिकामे क्रेट, बांबूवरचे झेंडे खाली घ्या किंवा घट्ट बांधा. पंख्याच्या वाऱ्याने ते उडून वर जातात. माणूस उचलायला वरून येणारी तार आधी पाण्याला किंवा डेकला टेकू द्या, तिच्यात वीज साठलेली असते. ती होडीला कधीच बांधू नका. हेलिकॉप्टरजवळ खुणेचं रॉकेट सोडू नका. हेलिकॉप्टरकडे मोजकं इंधन असतं, त्यामुळे आधी कोण जाणार ते तांडेलाने ठरवून ठेवावं. वाचवायला येणारेही जीव धोक्यात घालून येतात: २ सप्टेंबर २०२४ ला पोरबंदरजवळ जहाजावरच्या जखमीला आणायला निघालेलं तटरक्षक दलाचं हेलिकॉप्टर समुद्रात कोसळलं आणि चौघांतला एकच वाचला.

बंदरावर वादळी हवेच्या इशाऱ्याचा तीन नंबरचा बावटा लागला की जवळच्या बंदरात शिरा, आपलंच बंदर हवं असा हट्ट नको. ओखी वादळाच्या वेळी, डिसेंबर २०१७ मध्ये, केरळ-तमिळनाडूच्या साठाहून जास्त होड्या सिंधुदुर्गात देवगडला लागल्या आणि नऊशेवर माणसं वाचली. परक्या बंदरात लागलात तर पहिला फोन घरी आणि दुसरा १५५४ ला करा. डॅट चुकून दाबला गेला असेल तर तो बंद करून गप्प बसू नका, तेही कळवा. कुणी रागावेल या भीतीने गप्प राहिलात, तर तुम्ही चुलीपाशी भात खात असताना विमान तुम्हाला शोधत असेल.