ब्रेस्ट सोनोग्राफी: गाठ साधी की कॅन्सरची, हे ठरवताना या चुका टाळा

सगळ्यात धोक्याची चूक आधी सांगते. पेशंट पंचविशीतली, गाठ गुळगुळीत, की लगेच रिपोर्टमध्ये फायब्रोअॅडेनोमा (स्तनातली साधी, कॅन्सर नसलेली गाठ) लिहून मोकळं व्हायचं. असं करू नका. ट्रिपल निगेटिव्ह कॅन्सर (स्तनाच्या कॅन्सरचा एक आक्रमक प्रकार) बऱ्याचदा असाच गोल, स्वच्छ कडांचा दिसतो, कधी मागे सावलीऐवजी उजळ पट्टाही दिसतो, आणि तो तरुण मुलींनाही होतो. म्हणून आधी वाईट लक्षणंच शोधायची: कडा काटेरी किंवा टोकदार आहेत का, गाठ आडवीपेक्षा उभी जास्त आहे का, मागे सावली पडतेय का, आत कॅल्शियमचे ठिपके आहेत का, दुधाच्या नळीत शिरलीय का. यातलं एक जरी सापडलं तरी तिला साधी म्हणायचं नाही, मग बाकी सगळं कितीही छान दिसो. रेडिओलॉजिस्ट स्टॅव्ह्रॉस आणि सहकाऱ्यांनी 1995 मध्ये 750 गाठी तपासून हीच पद्धत मांडली होती.

आता मशिनचं. काळं दिसलं म्हणजे सिस्टच (पाण्याची गाठ) असं नाही! गेन (चित्राचा उजळपणा) कमी असला की भरीव गाठही काळीकुट्ट दिसते आणि जास्त असला की साध्या सिस्टमध्येही कचरा दिसायला लागतो, म्हणून चरबी मध्यम करडी दिसेल इतपत गेन ठेवा, फोकस गाठीच्या लेव्हलला आणा. डॉप्लर (रक्तप्रवाह दाखवणारी तपासणी) लावताना प्रोब (त्वचेवर फिरवायचं यंत्र) दाबलात तर बारीक रक्तवाहिन्या चेपतात आणि गाठीत रक्तप्रवाहच नाही असं वाटतं. चरबीचा गोळाही फसवतो, प्रोब नव्वद अंशात फिरवा, तो लांबट होऊन शेजारच्या चरबीत मिसळला तर ती गाठ नाहीच.

इलास्टोग्राफीत (गाठ किती कडक आहे ते मोजणारी तपासणी) मऊ आली म्हणून सुटका नाही, म्युसिनस कॅन्सर (आत चिकट द्रव असलेला प्रकार) मऊ असू शकतो. चाळिशीपुढे मॅमोग्राफी टाळू नका, बारीक कॅल्शियम सोनोग्राफीत सहज निसटतं. आणि काखेतल्या लसिका गाठी बघायच्याच.

बायरॅड्स (रिपोर्टमध्ये कॅन्सरची शक्यता लिहायची श्रेणी) 3 म्हणजे कॅन्सरची शक्यता 2% पेक्षा जास्त नाही, पण ते लिहिलंत तर 6 महिन्यांनी परत यायचंय हे बाईंना तिथेच समजावून सांगा, नुसतं रिपोर्टात लिहून भागत नाही. मधल्या काळात गाठ वाढली तर वाट बघायची नाही, बायोप्सी करायची.

बायोप्सी साधी आली पण सोनोग्राफीत गाठ काटेरीच दिसतेय? मग सुई गाठीत नीट गेली नसेल असं धरा, पॅथॉलॉजिस्टशी बोला आणि पुन्हा बायोप्सी करा.